बंद फाटकाबाहेरचा कळप

वादळ दुपारनंतर येणार, असा मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता. ते आलं सकाळी दहाला.

देजिद तेव्हा कळप घेऊन उघड्या माळावर होती, आपल्या तळापासून चांगली दोन तासांच्या वाटेवर. नवरा शागदर पंधरा दिवसांमागे मोटरसायकलवरून पडला होता आणि मांडीचं हाड मोडून प्रांताच्या गावी दवाखान्यात पडून होता. पोरगी उलान्बातारला शिकायला. तेव्हा तीनशेवर मेंढ्या-शेळ्या, एक घोडा आणि हा हिवाळा, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात आलं होतं. आठ दिवस जमिनीवर बर्फाचा काचेसारखा थर होता आणि जनावरांच्या पोटात धड गवत गेलं नव्हतं. त्या दिवशी एका उतारावर थर फुटलेला सापडला. सकाळी चुलीचा धूर सुतासारखा सरळ वर गेलेला तिनं पाहिला होता. तिनं मनाशी म्हटलं, खाऊ दे बिचाऱ्यांना, बाराला वळवू.

आधी मेंढ्यांना कळलं. खाता खाता सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. देजिदनं वायव्येकडे पाहिलं, तर तिकडे क्षितिजच नव्हतं. लोकर धुतल्यावर पाणी जसं मळकट होतं, तसलं काहीतरी जमिनीपासून आभाळापर्यंत उभं होतं आणि जवळ येत होतं. तिनं घोड्यावर उडी मारली, ओरडली, चाबूक फिरवला, पण कळप निम्मासुद्धा वळला नव्हता तोच वाऱ्यानं गाठलं.

मेंढी वाऱ्याला तोंड देत नाही. ती पाठ फिरवते आणि वारा नेईल तिकडे चालू लागते. मग तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही. देजिदचं घर वारा येत होता त्या दिशेला, मागं राहिलं. अर्धा तास ती घोडा आडवा घालून धडपडली. एवढ्यात तिच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या आणि नाकातला श्वास सुईसारखा टोचायला लागला. समोरचं घोड्याचं डोकंही दिसेना. तेव्हा तिनं तो नाद सोडला. वाऱ्याच्या वाटेवर एकच आसरा होता. दहा-बारा किलोमीटरवर, टेकाडाच्या कुशीत, लोदोईचा हिवाळी तळ. पक्का वाडा होता त्याचा. एका बाजूला शेणाच्या विटांची भिंत, बाकी तिन्ही बाजूंनी छातीएवढं फळ्यांचं कुंपण. कळप जरा डावीकडे रेटत नेला तर बरोबर तिथंच जाऊन लागेल, असा तिनं हिशोब केला.

अडीच तास लागले. शेळ्या आधी पडल्या, त्यांच्या अंगावर चरबी ती कसली. एक गुडघ्यावर बसायची, दुसरी तिच्यावर अडखळायची, आणि मागं वळून पाहावं तर तिथं पांढरा उंचवटा तेवढा उरलेला असायचा. देजिद थांबली नाही. हातमोज्यात बोटं आहेत की नाहीत हे तिला कळत नव्हतं. पण कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं, शेणाच्या भिंतीची काळी रेघ दिसली आणि तिच्या तोंडून हुंदकाच फुटला. पोचलो.

तिनं कळप भिंतीला वळसा घालून मागच्या, आडोशाच्या बाजूला आणला. फाटक तिकडेच होतं. दोन लाकडी झडपा, मधून साखळी, साखळीला कुलूप. लोदोईचा कळप आधीच आत होता. वाड्याचा जवळजवळ अर्धा भाग मोकळा होता, घोड्यावरून तिला तो स्पष्ट दिसला. एका कोपऱ्यात गवताच्या गंजीवर ताडपत्री घट्ट बांधलेली होती.

"लोदोईदादा! लोदोईदादा, फाटक!"

तो बाहेर आला. साठीचा, धिप्पाड, कोकराच्या कातड्याचा नवाकोरा अंगरखा, गाल लालबुंद. त्यानं आधी घोड्याचा लगाम धरला.

"अगं देजिद! या असल्यात निघालीस? वेडी का खुळी तू? उतर, उतर खाली."

तिला उतरता येईना. पाय रिकिबीत गोठून बसला होता. त्यानंच तिला उतरवलं, मग कुलूप काढून फाटकाची एक झडप हातभर उघडली आणि घोडा आत ओढला. पुढची मेंढी घोड्याच्या पायांतून आत घुसायला लागली. लोदोईनं बुटाची टाच तिच्या नाकाडावर मारली. ती मागं झाली. झडप लागली, साखळी खळखळली, कुलूप बसलं, किल्ली त्याच्या कमरपट्ट्यात गेली.

"मेंढ्या..." देजिद म्हणाली.

"बघू, बघू. आधी तू आत चल. माणूस जगलं तर मेंढ्या."

तिनं विश्वास ठेवला. त्याबद्दल पुढं तिनं स्वतःला किती शिव्या दिल्या त्याला मोजदाद नाही. पण त्या माळावर पोरसुद्धा हे शिकूनच वाढतं की वादळात कुणी दारात आलं तर दार उघडायचं, आणि ते माणसाचं की जनावरांचं असा फरक कुणी करत नाही. म्हणून तिला वाटलं, मला आत सोडेल आणि परत जाऊन फाटक उघडेल.

गेरच्या आत ढणढणीत ऊब होती. नमद्याच्या त्या गोल घरात चूल लाल झाली होती. लोदोईची बायको नान्साल्मा पुढं आली, तिनं देजिदचे हातमोजे कापून काढले आणि पांढरीफटक पडलेली तिची बोटं आपल्या अंगरख्यात, छातीशी घेतली. बोटांत जीव यायला लागला तशी देजिद कळवळली. नान्साल्माच्या गळ्यात दोऱ्याला काहीतरी गार, धातूचं होतं. ताईत असेल, असं तिला वाटलं.

पांढऱ्या महिन्याचा, नव्या वर्षाचा सण होऊन दहा दिवस झाले होते. तरी पाटावर अख्ख्या मेंढ्याचा पुठ्ठा शेपटीसकट मांडलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याचे काप काढून काढून तो एका बाजूनं खड्डा पडल्यासारखा झाला होता. शेपटीची चरबी पिवळी पडली होती, तिच्यावर धुळीचा आणि काजळीचा पातळ थर. लोदोईनं सुरी घेतली, जाड काप काढला आणि उजव्या हातावर ठेवून अगदी रीतीनं तिच्यापुढं धरला.

"घे. अंगात चरबी गेली की थंडी पळते."

"दादा, आधी फाटक."

"घे म्हणतो ना. पाहुण्यानं नाही म्हणायचं नाही."

तिनं घेतला. तोंडात तो मेणासारखा विरघळला आणि टाळूला चिकटून बसला. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. वाऱ्यातूनसुद्धा ते ऐकू येत होतं. फाटक गेरपासून वीस पावलांवर होतं.

"दादा, माझी जनावरं..."

"हे बघ देजिद." तो ऐसपैस मांडी घालून बसला. "तुझ्या कळपात खरूज आहे. मी काय वाईट बोलतोय का? खरी गोष्ट आहे. माझी पाचशे जनावरं आहेत आत."

"खरूज दोन वर्षांपूर्वी होती. औषधात बुडवून काढली सगळी. डॉक्टरांनी कागद दिलाय."

"कागद देतात गं. कागदाला काय लागतं."

"तुम्ही स्वतः आला होतात बुडवायला! तुम्ही धरत होतात मेंढ्या!"

लोदोई हसला, मोठ्या माणसानं लहानाचा हट्ट पाहून हसावं तसा. मग म्हणाला, आता फाटक उघडलं तर त्याचीच जनावरं वाऱ्याबरोबर बाहेर पळतील. थोड्या वेळानं म्हणाला, आत दाटी होईल आणि मधल्या चेंगरतील. आणखी थोड्या वेळानं म्हणाला, तिथं आडोसा आहेच की, कुंपणाला लागून उभ्या राहतील, मेंढीच्या अंगावर देवानं लोकर दिलीय ती कशासाठी. एक कारण तिनं खोडलं की तो दुसरं काढायचा. आवाज चढत नव्हता, उलट गोड होत चालला होता. मध्येच तो चहाचा वाडगा भरून द्यायचा. गवताच्या गंजीबद्दल मात्र तो एक अक्षर बोलला नाही, आणि तेवढ्यानंच देजिदला सगळं समजलं: त्याला ते गवत वाटून द्यायचं नव्हतं.

मग तो उठला, देव्हाऱ्यापुढं लोण्याचा दिवा लावला आणि हात जोडून पुटपुटला, "या वादळात सगळ्या जिवांचं रक्षण कर." बोटांना लागलेली चरबी त्यानं बुटांच्या कातड्याला पुसली, आणि दातांत अडकलेला धागा नखानं काढून पाहून परत तोंडात टाकला.

देजिद उठून दाराशी आली. दाराशेजारी कुऱ्हाड टेकवलेली होती. ती घेऊन तिनं खांद्यानं दार ढकललं.

बाहेर आता पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. गेरपासून वाड्यापर्यंत दोरी बांधलेली होती, तिला धरून ती कुंपणाशी गेली. आडोशाच्या बाजूला वारा भिंतीवरून उडी मारून येत होता आणि सगळा बर्फ नेमका तिथंच टाकत होता. तिच्या मेंढ्या फाटकाला आणि फळ्यांना चिकटून उभ्या होत्या, पोटापर्यंत पुरलेल्या. तिच्या वासासरशी त्यांनी माना उचलल्या. डोळ्यांच्या जागी बर्फाचे गोळे. तिनं साखळीवर कुऱ्हाड उगारली, पण दांडा बोटांतून निसटला. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. बोटं मिटतच नव्हती. तिनं दोन्ही मनगटांत दांडा धरला आणि मारला. साखळीला नुसता ओरखडा आला.

तेवढ्यात मागून लोदोईनं तिला धरलं. "मरशील बाई! मरशील!" त्यानं तिला लहान मुलासारखं उचललं, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, आणि छातीशी दाबून गेरकडे निघाला. ती लाथा मारत होती. त्याचं तोंड तिच्या तोंडाशी होतं आणि शिळ्या चरबीचा ऊन श्वास तिच्या गालांवर, नाकात, उघड्या तोंडात येत होता. "गप, गप पोरी," तो म्हणत होता. त्याच्या छातीची ऊब तिच्या अंगाला कळत होती आणि अंगाला ती हवीशी वाटत होती. आपल्याच शरीराची अशी किळस तिला जन्मात कधी आली नव्हती.

आत आल्यावर त्यानं कुऱ्हाड पलंगाखाली सरकवली. देजिद चुलीपाशी ओणवी झाली आणि राखेत ओकली. तो चरबीचा काप जसाच्या तसा बाहेर आला. नान्साल्मानं राख लोटून घेतली.

"थंडी पोटात गेली," लोदोई म्हणाला. "चहा दे तिला."

आणि तिनं तो चहा प्यायला. दुसरं काय करणार होती? अंग थरथरत होतं, घशात कडू आंबट चव होती, आणि वाडगा ऊन होता.

अंधार पडला, रात्र गेली. लोदोई जेवला, हाडाची नळी फोडून त्यातला गर त्यानं आवाज करत ओढला, आणि झोपला. त्याच्या घोरण्याआडून देजिद ऐकत होती. ओरडणं आधी चहूकडून येत होतं, मग एकाच बाजूनं, मग एखाद-दुसरं. पहाटेपर्यंत नुसता वारा उरला.

लोदोई जागा झाला, कान देऊन ऐकलं आणि समाधानानं म्हणाला, "बघ, शांत झाल्या की नाही? उगाच जिवाला घोर लावून घेतलास."

देजिदनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मिशीत कालची चरबी गोठून पांढरी झाली होती. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं. दोन्हींतलं जास्त ओंगळ कुठलं, ते तिला ठरवता येईना.

दुपारी वारा पडला. दार आतून उघडेना, बाहेर बर्फ चढला होता. लोदोईनं छताच्या धुराड्याच्या भोकातून वर चढून फावड्यानं दार मोकळं केलं. बाहेर ऊन होतं, निळंशार आभाळ, आणि थंडी अशी की थुंकी जमिनीवर पडायच्या आत टचकन वाजावी. देजिद दाराबाहेर आली तर तो वाड्याकडे तोंड करून उभा होता. फावडं त्याच्या हातातून पडलं होतं.

वाडा रिकामा होता.

आडोशाच्या बाजूचं कुंपण दिसतच नव्हतं. देजिदच्या मेंढ्यांवर रात्रभर बर्फ साचला होता. आतल्या बाजूनंही तेवढाच भरला होता, आणि फळ्यांच्या दोन्ही अंगांनी चढ-उताराचा घट्ट, रुंद रस्ता तयार झाला होता. लोदोईची पाचशे जनावरं वाऱ्याला पाठ देऊन त्या चढावरून वर गेली, तिच्या मेंढ्यांच्या पाठींवरून पलीकडे उतरली, आणि माळाला लागली. खुरांचे ठसे घट्ट बर्फात स्पष्ट उमटले होते. आत राहिला होता तो देजिदचा घोडा, गंजीच्या आडोशाला उभा, तोंडात गवताची काडी.

"गेली," लोदोई म्हणाला. मग मोठ्यानं, "गेली गं! सगळी गेली!" आणि तो बर्फात बसकण मारून हंबरडा फोडून रडायला लागला. नाकातून शेंबूड वाहत मिशीवर गोठत होता. देजिदला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला आनंद होईल. आनंद झाला नाही. नुसतं तोंड फिरवावंसं वाटलं.

तिनं पडलेलं फावडं उचललं आणि फाटक असेल त्या जागी खणायला लागली.

लोदोई गुडघ्यांवर रांगत तिच्याकडे आला. "देजिद, तुझा घोडा. माझे घोडे कुठं उधळले कोण जाणे. तुझा ताजातवाना आहे. वाऱ्याच्या वाटेनं गेली असतील, दऱ्यापाशी अडली असतील. तू चल, तू चांगली स्वार आहेस. दोघं मिळून..."

"मी इथं खणतेय."

"अगं ही मेली! मेलेल्यांना काय खणतेस? माझी जिवंत असतील!"

ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या माणसाला अहो-जाहो केलं नाही.

"घोडा घे आणि जा. तुझी कीव आली म्हणून देत नाहीये. तुझं तोंड माझ्यासमोर नको, म्हणून देतेय."

त्याला ते लागलं की नाही कोण जाणे. तो धडपडत उठला आणि खोगीर चढवायला लागला. चढवता चढवता म्हणाला, "मी रात्रभर गवत घातलंय त्याला. म्हणून तर धडधाकट आहे." आणि गेला.

देजिद खणत राहिली. वरच्या थरातल्या सगळ्या मेल्या होत्या, लाकडासारख्या. काहींच्या पाठींची लोकर वरून गेलेल्या खुरांनी सोलून निघाली होती. तोंडं उघडी, जिभा काळ्या-निळ्या, एकमेकींच्या अंगात अंग अडकलेलं, ओढून काढताना पाय मोडल्याचा आवाज व्हायचा. ती एकेकीला ओढून बाजूला टाकत होती. कंबरेएवढं खाली गेल्यावर तिला एक भोक दिसलं, कडा पिवळट, आणि त्यातून वाफ येत होती.

तिनं फावडं टाकलं आणि हातांनी उकरलं. आतून असा वास आला की तिनं तोंड वळवलं. मूत, लेंड्या, ओली लोकर आणि मेलेलं मांस, सगळं उबेत आंबलेलं. त्या कोंडीत, फळ्यांना चिकटून, मेलेल्यांच्या खाली जिवंत मेंढ्या उभ्या होत्या. भुकेनं त्यांनी एकमेकींच्या पाठींची लोकर खाल्ली होती. उघडी गुलाबी कातडी दिसत होती, ठिकठिकाणी दात लागून रक्ताळलेली. त्यांनी डोळे मिचकावून उजेडाकडे पाहिलं.

देजिद रडली नाही. तिनं पहिलीला शिंगांना धरून वर ओढलं.

शेजारी दुसरं फावडं खणायला लागलं. नान्साल्मा होती. दोघी खणत राहिल्या. एक ओढायची, दुसरी खालून ढकलायची. काढलेली प्रत्येक मेंढी रिकाम्या वाड्यात सोडायची. बऱ्याच वेळानं नान्साल्मानं जाऊन गंजीची ताडपत्री सोडली आणि दाताळ्यानं गवत ओढून मेंढ्यांपुढं टाकलं, कुणाला न विचारता. देजिदला वाटलं, ही बाई चांगली आहे. या घरात निदान एक माणूस आहे.

सूर्य कलला तेव्हा दोघी बर्फावर टेकल्या. नान्साल्मा म्हणाली, "दुसरी किल्ली माझ्याकडे असते."

देजिदला आधी कळलंच नाही.

"कुलपाची. हा नसला तर लागते, म्हणून." तिनं अंगरख्याच्या गळ्यातून दोरा बाहेर काढला. दोऱ्याला किल्ली होती. "काल पण होती."

देजिद त्या किल्लीकडे बघत राहिली. तिच्या बोटांना त्या धातूचा गारवा आठवला.

"तो झोपला होता," नान्साल्मा खाली मान घालून बोलत होती. "मी जागीच होते. दोनदा उठून बसले. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. म्हटलं उठावं, तुला हलवावं... तेहेतीस वर्षं झाली लग्नाला. त्याला विचारल्याशिवाय मी पेटीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. पाय उचललाच नाही बघ. ऐकत बसले नुसती. तू पण ऐकत होतीस, मी पण ऐकत होते."

"मला का सांगताय ताई?"

"कुणाला सांगू मग?"

देजिद उठली. तिला वाटलं आता आपण हिच्या तोंडात मारणार, पण हात फावड्याकडे गेले. खाली अजून मेंढ्या होत्या. तिनं खणायला सुरुवात केली, आणि नान्साल्माही शेजारी खणायला लागली. तिच्या श्वासाचा आवाज, तिच्या कोपराचा धक्का, खालून मेंढी ढकलताना बोटांना लागणारी तिची बोटं, सगळं देजिदला सहन होत नव्हतं. तरी तिच्याशिवाय मेंढी वर येत नव्हती. अंधार पडेपर्यंत दोघींनी मिळून एक्क्याऐंशी जिवंत काढल्या.

लोदोई अंधारात परतला. दऱ्याच्या काठावरून बरीचशी खाली कोसळली होती, थरावर थर. अलीकडे अडलेली साठ-सत्तर तेवढी त्यानं हाकून आणली होती. देजिदनं त्याच्या हातून घोड्याचा लगाम घेतला, आपली जनावरं तिनं तोवर वेगळी करून ठेवली होती, आणि ती घोड्याजवळ गंजीच्या आडोशाला बसून राहिली. लोदोईनं गेरच्या दारातून दोनदा हाक मारली, जेवायला ये म्हणून. ती गेली नाही. नान्साल्मानं कातडी पांघरूण आणून तिच्याजवळ ठेवलं आणि ती परत गेली. देजिदनं ते घेतलं, कारण थंडी होती.

दुसऱ्या दिवशी दीर ट्रॅक्टर घेऊन शोधत आला, आणि ते कळप घेऊन घरी गेले.

पुढच्या महिन्यात नुकसानीची पाहणी करायला जिल्ह्याची माणसं फिरली. तालुक्याच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं होतं. लोदोई पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं उभं राहून सांगितलं, आवाज भरून आला होता त्याचा, की स्वतःची पाचशे जनावरं डोळ्यांदेखत जात असताना त्यानं आधी शेजारणीचा जीव वाचवला, वादळातून तिला हातांवर उचलून आणलं. लोकांनी माना डोलावल्या. एका म्हातारीनं डोळे पुसले. साहेबानं देजिदकडे वळून विचारलं, "खरं का बाई?"

"उचलून आणलं," देजिद म्हणाली. "खरं आहे. मी फाटकाचं कुलूप तोडत होते, तिथून उचलून आणलं. माझी तीनशे जनावरं बाहेर होती, याच्या वाड्यात अर्धी जागा मोकळी होती, आणि किल्ली याच्या कमरेला होती. मला चहा दिला. चरबी दिली. सकाळी म्हणाला, शांत झाल्या."

लोदोई हसून आजूबाजूला पाहत राहिला, जणू कुणीतरी आता त्याच्या बाजूनं बोलेल. मग त्याच्या शेजारचा माणूस उठला आणि दोन खुर्च्या सोडून बसला. दुसऱ्या किल्लीबद्दल देजिद काही बोलली नाही. जीभ त्या शब्दापर्यंत गेली होती, पण नान्साल्मा मागच्या भिंतीशी उभी होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मे महिन्यात बर्फ गेला आणि माळावर वास सुटला. वाऱ्याच्या वाटेवर सगळीकडे मेलेली जनावरं उघडी पडली होती. फुगलेली, फुटलेली, माश्यांनी काळी झालेली. तोंडाला फडकं बांधून माणसं ती खड्ड्यांत लोटत होती. शागदर कुबडी घेऊन घरी आला होता. देजिदच्या एक्क्याऐंशींपैकी काही वसंतात मेल्या, काहींची पिल्लं मेली, बाकीच्या तगल्या. त्यांच्या पाठीवर लोकर पुन्हा आली, पण जरा वेगळी, आखूड आणि राठ.

एका सकाळी नान्साल्मा पायी आली, बारा मेंढ्या हाकत. बरोबर एक कापडी पिशवी.

"या माझ्या माहेरच्या आहेत," ती म्हणाली. "याच्या नाहीत. मी शहरात जातेय, मुलीकडे. कायमची. तुझ्याकडे राहू देत."

देजिदनं मेंढ्या पाहिल्या. तहानेल्या होत्या, विहिरीच्या डोणीकडे माना ताणत होत्या. तिनं बादली सोडली आणि पाणी ओढायला लागली. नान्साल्मा उन्हात उभी होती. आठ-नऊ तास चालली असेल. ओठ फुटले होते. आत गेरमध्ये चहा तयार होता. आत या, एवढं म्हणायचं होतं. त्या मुलुखात तेवढं तर वैऱ्यालाही म्हणतात. देजिदनं तोंड उघडलं, आणि आतून तीच कडू आंबट चव वर आली.

तिनं दुसरी बादली ओढली, तिसरी ओढली. डोण भरली. मग मातीचा वाडगा विहिरीच्या पाण्यानं भरून तिनं डोणीच्या काठावर ठेवला, हातात न देता, आणि मेंढ्यांकडे वळली.

नान्साल्मानं ते पाणी उभ्याउभ्या प्यायलं, वाडगा पालथा घातला, पिशवी उचलली आणि रस्त्याकडे निघाली.

"कोण होतं गं?" शागदरनं आतून विचारलं.

"मेंढ्या घेऊन आली होती एक बाई," देजिद म्हणाली. "गेली."